परदेशी जाणाऱ्या डब्यात काय भरायचं, काय नाही

ताईंनो, खाद्यपदार्थ करणाऱ्या आपल्या गटांकडे हल्ली एक नवीन प्रकारचं गिऱ्हाईक येतं. कुणाचा मुलगा शिकायला जर्मनीला निघालेला असतो, कुणाचा जावई दुबईला कामाला असतो, कुणी आई लेकीच्या बाळंतपणाला सिंगापूरला किंवा अमेरिकेला चाललेली असते. "चांगला चार-पाच किलो फराळ करून द्या, महिनाभर टिकला पाहिजे," अशी ऑर्डर असते. भाव करत नाहीत, पैसे आगाऊ देतात. ऑर्डर चांगली आहे, घ्यायलाच हवी. पण हा डबा एसटीने पुण्याला जाणाऱ्या डब्यासारखा नाही. तो विमानतळावर उघडला जातो, आणि आत चुकीची वस्तू निघाली तर त्रास बनवणाऱ्या बाईला होत नाही, नेणाऱ्याला होतो. म्हणून या महिन्याचा पाठ या डब्यावर.

सगळ्यात आधी खसखस

बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिरात (म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा), सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस न्यायला बंदी आहे. थोडीशीसुद्धा चालत नाही. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात उघड मिळते, तिच्यात गैर काही नाही. पण या देशांमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. तिथे "आमच्याकडे स्वयंपाकात वापरतात हो" हे उत्तर चालत नाही. डबा जप्त करून सोडून देतील, अशा भरवशावर राहू नका. प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकतं.

आता आठवा, खसखस आपण कशाकशात घालतो. अनारसे तर खसखशीवरच थापतो. करंजीच्या सारणात भाजलेली खसखस असते. डिंकाच्या लाडवात असते, आणि बाळंतिणीला नेमके तेच लाडू जातात. गोड्या मसाल्यात, काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी असते. मसाल्यात तर ती दळलेली, म्हणजे नेणाऱ्याला दिसतही नाही. त्याला माहीतच नसतं की आपल्या बॅगेत काय आहे. माहीत फक्त आपल्याला असतं.

एका ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मग काय अनारसे करायचेच नाहीत का?" करायचे की. खसखशीच्या जागी पांढरे तीळ लावायचे. जाळी पडते, चवही छान लागते. करंजीत आणि डिंकाच्या लाडवात खसखस गाळली तर पदार्थ बिघडत नाही. फक्त एक काळजी घ्या. ज्या परातीत, कढईत किंवा मिक्सरच्या भांड्यात आधी खसखस होती, ते घासून कोरडं करूनच ही ऑर्डर करा. शक्य असेल तर परदेशची ऑर्डर दिवसाच्या सुरुवातीला करा, गावातली नंतर.

आणखी एक. माणूस लंडनला चाललेला असतो, पण विमान दुबईत बदलणार असतं. तोही धोका पत्करू नका. म्हणून ऑर्डर घेताना "कुठे जाणार?" एवढंच विचारून भागत नाही, "कुठल्या मार्गाने जाणार?" हेही विचारायचं. माझं स्वतःचं मत असं आहे की परदेशच्या कुठल्याच ऑर्डरमध्ये खसखस घालू नये. मग देश लक्षात ठेवायची भानगडच नको.

सिंगापूरचा विषय निघालाच आहे तर सांगते, तिथे च्युइंगम न्यायला बंदी आहे आणि गुटखा, खायची तंबाखूही चालत नाही. आजीच्या पिशवीतली तंबाखूची डबी आठवणीने घरी ठेवायला सांगा!

दूध, खवा आणि कच्चं धान्य

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड खाण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक आहेत. कारण समजून घेतलं की नियम लक्षात राहतो. त्यांच्याकडे गुरंढोरं, मेंढ्या खूप, शेती मोठी. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, तो तिकडे नाही. दुधाच्या पदार्थांतून, मांसातून हा रोग आपल्या देशात शिरू नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. ज्या ताईंच्या गोठ्यात एकदा खुरकूत येऊन गेलाय, त्यांना यात काही जास्त वाटणार नाही. त्यामुळे पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या, गुलाबजाम, रसगुल्ले ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याला देऊच नका. इंग्लंड आणि युरोपातले देशही भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. म्हणजे जर्मनीला निघालेल्या मुलाच्या डब्यातही पेढे नकोत.

दुसरी भीती किडीची. खापरा भुंगेरा आपल्याला नवा नाही, कणगीतल्या गव्हाचं पीठ करून टाकतो तोच. त्याची अळी कणभर अन्नावर, फटीत लपून फार दिवस जिवंत राहते. त्याच्यामुळे अमेरिका प्रवाशाच्या सामानातून भारतातला तांदूळ येऊ देत नाही. ऑस्ट्रेलियाने तर यादीच केली आहे: तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, कच्चे शेंगदाणे, धने, जिरे, वाळलेल्या अख्ख्या मिरच्या. आपली एखादी आई प्रेमाने "दोन किलो इंद्रायणी पण टाक" म्हणते, तिथे तिला थांबवायचं. तळलेले, भाजलेले, पूर्ण शिजवलेले पदार्थ वेगळे. त्यात कीड जिवंत राहत नाही म्हणून त्यांना सहसा अडचण येत नाही. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळी, भडंग, शेंगदाण्याची चटणी ही आपली हुकमी पानं.

कढीपत्ता ताजा नको. तो लिंबाच्या कुळातला आहे आणि त्याच्यावरून लिंबू-संत्र्याच्या बागांचा रोग पसरतो, म्हणून अमेरिकेत तो अडवतात. चिवड्यात कुरकुरीत तळलेला असतो तो भाग निराळा.

"आहे" म्हणून सांगायचं

गिऱ्हाइकाला डबा देताना ही गोष्ट तोंडाने सांगायचीच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे उतरताना विचारतात की सामानात खाण्याचे पदार्थ आहेत का. तिथे "हो" म्हणायचं. फॉर्म असेल तर "हो"वर खूण करायची. फराळाचा एक डबा असला तरी "हो"च. खरं सांगितल्यावर फार तर अधिकारी बॅग उघडून बघतो आणि एखादी वस्तू काढून घेतो. दंड होतो तो न सांगितल्याचा. न्यूझीलंडमध्ये तो जागेवरच ४०० डॉलर आहे. ऑस्ट्रेलियात त्याहून बराच मोठा होऊ शकतो, आणि व्हिसा रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. कर्ज काढून पोराला शिकायला पाठवलंय आणि शंभर रुपयांच्या पेढ्यांपायी त्याला परत यावं लागलं, असं कुणाच्या घरी व्हायला नको.

आपल्याच विमानतळावर

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. ऐकून बऱ्याच जणी हसतात. पण सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. लेकीला ओटीसाठी खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकली की बॅग उघडायला लावतात. खोबरं लाडवात, चटणीत भाजून घाला, वाटी देऊ नका.

हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा जास्त पातळ काही नेता येत नाही. लोणचं, तूप, ओली चटणी, मध हे सगळं पातळात धरतात. ते मोठ्या बॅगेत, जी आधीच जमा करतात तिच्यात. अमेरिकेला जाताना हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते, म्हणून मसाले, मेतकूट, नाचणी सत्त्व हेही मोठ्या बॅगेतच. आणि लेबल नसलेल्या पिशवीतली पिवळी पूड बघून परक्या देशातला अधिकारी काय समजेल, तुम्हीच विचार करा. मेतकूट त्याने जन्मात पाहिलेलं नसतं.

टिकायचं कसं

पदार्थ बिघडतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी: आत राहिलेलं पाणी आणि खराब झालेलं तेल. पाण्याने बुरशी येते, तेलाने खवटपणा. महिनाभराच्या ऑर्डरला आपली रोजची पद्धत थोडी बदलावी लागते.

चकली मोठ्या आचेवर पटकन लाल होते, पण आत ओली राहते. आठवड्यात मऊ पडते. मंद आचेवर, बुडबुडे थांबेपर्यंत तळा. बेसन भाजताना दाणेदार व्हावं म्हणून आपण दुधाचा हबका मारतो, तो या ऑर्डरला नको. ओल्या नारळाचे लाडू, ओल्या नारळातले अळिवाचे लाडू दोन-तीन दिवसांचे सोबती, ते देऊच नका. लसूण घालायचा तर कोरडा होईपर्यंत भाजून. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा एकही दाणा जाऊ देऊ नका. ती बुरशी विषारी असते आणि भाजल्याने तिचं विष जात नाही.

तेल नवीनच घ्या. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून तळणीचं तेल किती खराब झालं की टाकायचं याची मर्यादा घालून दिली आहे. ती मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण फेस येतोय, रंग काळपट झालाय, लवकर धूर सुटतोय एवढं डोळ्यांना दिसतंच. दहा दिवसांपूर्वीच्या तळणीतलं उरलेलं तेल गावातल्या ऑर्डरलाही वापरू नये, पण ते भांडण पुढच्या अंकात.

पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही. कोमट चिवडा पिशवीत गेला की वाफ धरते आणि दोन दिवसांत त्याचा भुसा होतो. रात्रभर पातळ कापड टाकून ठेवा, सकाळी भरा. पावसाळ्यात मात्र उघडा ठेवू नका, हवेतलं पाणी ओढतो. थंड झाला की लगेच डबाबंद.

जुन्या बायकांना हे सगळं ठाऊक होतं. सोलापूरकडची कडक भाकरी बघा, पातळ थापून पूर्ण वाळवलेली. कितीतरी दिवस टिकते, वजनाला हलकी, आणि दूध-खवा काही नाही. तिच्या जोडीला शेंगाचटणी किंवा जवसाची चटणी दिली की वसतिगृहात राहणाऱ्या पोराचं रात्रीचं जेवण झालं. माझ्या मते परदेशच्या ऑर्डरसाठी चकलीपेक्षाही हा माल चांगला. चकली वाटेत मोडते.

भरणं आणि लेबल

दोन किलोची एक पिशवी करू नका. पाव-पाव किलोच्या आठ करा. अधिकाऱ्याला उघडून बघायची झाली तर एक फुटते, सात शाबूत राहतात. आणि उघडलेली पिशवी आठवड्यात संपते, बाकीच्यांना हवा लागत नाही. जाड पिशवी, दोन वेळा सील. चिवडा, चकलीची हवा ओढून काढायची नाही, चुरा होतो. लोणच्याची बरणी काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं जागा ठेवा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, मग पूर्ण बरणी वेगळ्या पिशवीत. तेल गळून कपडे खराब झाले तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जास्त असलेला आधी), वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, गटाचं नाव-पत्ता, शाकाहारीचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. नाव आणि घटक इंग्रजीतही लिहा. "शेंगाचटणी" तिकडे कुणाला कळणार नाही, "रोस्टेड पीनट चटणी" कळेल. घटकांत तूप असेल तर तूप लिहा, तीळ असतील तर तीळ लिहा. शेंगदाणे तर नक्कीच लिहा, तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं असतात आणि आपलं पोर डबा मित्रांना देणारच. ज्या गटांची अजून एफएसएसएआय नोंदणी नाही त्यांनी आधी ती करून घ्यावी. विकायला पदार्थ करायचे तर ती लागतेच, देशात असो की परदेशात.

एक फरक ध्यानात घ्या. प्रवासी स्वतः खायला नेतो तो डबा ही आपली निर्यात नाही. दुकानदार तिकडे विकायला माल मागत असेल तर त्याला आयात-निर्यात कोड लागतो, कागदपत्रं लागतात. तशी विचारणा आली तर लगेच हो म्हणू नका, प्रभागसंघात सांगा.

ऑर्डरच्या वहीत आजपासून चार रकाने वाढवा: कोणता देश, वाटेत विमान कुठे बदलणार, निघायची तारीख, कुणासाठी (विद्यार्थी, बाळंतीण, म्हातारी माणसं). नियम बदलत असतात, म्हणून गिऱ्हाइकाला त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आणि विमान कंपनीकडे एकदा बघून घ्यायला सांगा, आणि काय चालतं ते त्याच रकान्यात लिहून ठेवा. माल निघायच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच करा, आठ दिवस आधी नको. भाव लावताना जाड पिशव्या, लेबल आणि सीलिंगची वीज धरायला विसरू नका. बऱ्याच गटांच्या हिशेबात हा खर्च दिसतच नाही आणि मग नफा कुठे गेला म्हणून आपण तेलाच्या भावाला दोष देतो.

ज्या गटांकडे दिवाळीच्या अशा ऑर्डरी येतात त्यांनी आपल्या लेबलचा एक नमुना पुढच्या ग्रामसंघ बैठकीत आणावा. इंग्रजी नावं आपण एकत्र बसून लिहू.