दाताच्या मुळाचे द्रावण : तीव्र की सौम्य?

सुरतेच्या उधना व लिंबायत भागांत खानदेशातून आलेली मराठी भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागावरील पाळी बुडाली की मजुरीही बुडते. त्यामुळे किडलेल्या दाढेचा उपचार लांबणीवर पडतो. तो सुरू झाल्यावर ठणका लागला, तर पुढची खेप चुकविली जाते. अर्धवट सोडलेली दाढ पुष्कळदा शेवटी काढावीच लागते. हा ठणका कशाने वाढतो, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रूट कॅनल उपचारात मुळातील सडलेली मज्जा काढून तेथील नलिका बारीक कानशींनी साफ करतात. परंतु नलिकेचे आडवेतिडवे फाटे कानशीला गवसत नाहीत. तेथे उपयोगी पडते ते धुण्याचे द्रावण, बहुधा सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, हेन्री डाकिन व अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी याचेच सुमारे ०.५ टक्के द्रावण प्रचारात आणले. दंतवैद्य ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंतचे वापरतात.

तीव्र द्रावण मृत पेशीजाल लवकर विरघळविते व जंतूंचा नाशही झपाट्याने करते. मात्र मृत आणि जिवंत असा भेद त्याला कळत नाही. मुळाच्या टोकाबाहेर ते झिरपले, तर तेथे दाह होतो. खालच्या दाढांवरील एका चाचणीत १.३ टक्के द्रावणाने ५.२५ टक्क्यांपेक्षा कमी वेदना झाल्या; दुसऱ्या एका चाचणीत २.५ टक्क्यांपेक्षा ५.२५ टक्केच सुसह्य ठरले. तेव्हा केवळ टक्केवारीला दोष देणे घाईचे होईल. सुईचे तोंड बाजूला असणे, ती नलिकेत घट्ट न रुतणे, टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबणे आणि दाब हलका ठेवणे, याला तितकेच महत्त्व आहे. सौम्य द्रावण वापरल्यास ते पुनःपुन्हा बदलावे लागते, ही त्याची किंमत होय. शिवाय ऊन व उजेड लागल्यास बाटलीतील द्रावण निर्बल होते. सुरतेच्या उन्हाळ्यात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

उपचारानंतर एक-दोन दिवस दाढ दुखणे स्वाभाविक असून ते उत्तरोत्तर कमी होते. परंतु धुताना एकाएकी आग झाली किंवा गाल सुजू लागला, तर दंतवैद्यास तत्क्षणी सांगावे. कपडे धुण्याच्या ब्लीचने घरी चूळ भरण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्याने तोंड भाजते.