आरोग्य पाठ : दात पांढरे करण्यापूर्वी



आपल्या गावांतील बरीच मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईत, गोवंडी-मानखुर्द भागात राहतात. घरात लग्न ठरले की तिकडून निरोप येतो, "इथं दात पांढरे करून मिळतात, पोराला पाठवा." पाठवायला हरकत नाही, पण आधी तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट रंगाची. निरोगी दात मुळात किंचित पिवळसरच असतो. वय वाढते तसे वरचे कवच झिजते आणि आतला पिवळा थर जास्त दिसतो. तो रोग नव्हे. चहा, तंबाखू, मशेरीचे डाग बाहेरचे असतात. डॉक्टरांनी यंत्राने दात साफ केले की पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते. किटण काढल्याने दात हलतात, हा समज खोटा. साठलेल्या किटणानेच हिरड्या सुटतात व दात हलू लागतात.

दात पांढरे करण्याचे औषध पेरॉक्साइडचे असते. ते नैसर्गिक दातावरच चालते. बसवलेली टोपी किंवा भरलेला दात यांचा रंग बदलत नाही. नंतर काही दिवस थंड पाणी झोंबते, आणि आलेला रंगही कायम टिकत नाही. किडक्या दाताला हे औषध लावणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना फासणे. कोळसा किंवा विटकरीने घासाल तर कवच झिजेल, आणि ते पुन्हा येत नाही.

दुसरी गोष्ट ठेवणीची. चरकाचे रोलर नीट बसले नाहीत तर रस चिपाडातच राहतो, हे आपल्याला सांगायला नको. वरचे-खालचे दात जुळत नसतील तर घास नीट चावला जात नाही, काही दात जास्त झिजतात, पुढे आलेले दात पडल्यावर चटकन तुटतात. मूल सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवावे. दुधाचे दात किडून लवकर पडले, अंगठा चोखण्याची सवय राहिली, तर ठेवण बिघडते. तारेचा उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतो. मोठ्या माणसालाही तो करता येतो.

तिसरी गोष्ट डॉक्टर निवडण्याची. नोंद नसलेल्या उसाची आपण तोड मागत नाही. मग दात तरी नोंद नसलेल्याच्या हाती का द्यावेत? १९४८ च्या कायद्यापासून दंतवैद्याची नोंदणी सक्तीची आहे. पाटीवर पदवी व नोंदणी क्रमांक पाहावा. तारेसाठी त्या विषयातील एम.डी.एस. डॉक्टर गाठावेत. एकूण खर्च आधी लिहून घ्यावा. गोवंडीहून हार्बरच्या गाडीने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की जवळच सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. वेळ मोडतो, पण खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

शेवटी माता-भगिनींसाठी. तंबाखूच्या दंतमंजनावर १९९२ साली बंदी आली, तरी तव्यावर भाजलेली मशेरी अजून घरोघरी आहे. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दातांचा रंग बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तपासून घ्या. ही कर्करोगाची सुरुवात असू शकते. लवकर कळला तर तो बरा होऊ शकतो.