लिम्फोमा : रुग्णाचे शिक्षण व घरच्यांची शुश्रूषा

वार्षिक अहवालात जमाखर्च व कार्यवृत्तासोबत एखाद्या आजाराची अभ्यासपूर्ण माहिती असावी, असा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. यंदा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, हा विषय आम्ही निवडला आहे. कर्करोगांच्या कुटुंबात हा आजार उपचारांना उत्तम दाद देणाऱ्यांपैकी आहे. असे असूनही अमरावती-अकोल्याकडील रुग्ण त्यातून सुटत नाही, तेव्हा त्यामागे औषधाच्या मर्यादेपेक्षा उशीर, अंतर, पैसा आणि अर्धवट माहिती हीच कारणे अधिक वेळा दिसतात. दाते, विश्वस्त व रुग्णांचे आप्त या सर्वांचा हात लागू शकेल अशीच ही कारणे आहेत.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे जाळे असते. मान, काख, जांघ, छाती व पोट येथे त्या जाळ्यावर छोट्या ग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे वास करतात. या पेशी बेबंद वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा ग्रंथींचे वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हॉजकिन लिम्फोमा हा एक गट आणि नॉन-हॉजकिन हा दुसरा. दुसऱ्या गटात अनेक प्रकार मोडतात. काही आठवड्यांत वाढणारे आहेत, तसे वर्षानुवर्षे मंद गतीने चालणारेही आहेत. म्हणून शेजारच्या गावातील रुग्णाची चिठ्ठी पाहून आपल्या रुग्णाचा अंदाज बांधू नये, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

मानेत, काखेत वा जांघेत न दुखणारी, रबरासारखी लागणारी गाठ. रात्री कपडे भिजतील असा घाम. कारण न सापडणारा ताप. सहा महिन्यांत वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट. क्वचित अंगभर खाज. यांतील बरीच लक्षणे क्षयरोगाचीही आहेत आणि खरी अडचण येथेच सुरू होते. आपल्याकडे मानेच्या गाठीचे एक मोठे कारण क्षयरोग हेच असल्याने डॉक्टरांना प्रथम त्याची शंका यावी यात गैर काही नाही. परंतु गाठीचा नमुना न तपासता केवळ अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर लिम्फोमाच्या रुग्णाचे सहा महिने त्यात सहज निघून जातात. गोळ्या चालू असतानाही गाठ वाढत असेल तर नातेवाइकांनी न संकोचता पुन्हा तपासणीची मागणी करावी. ताप-सूज उतरावी म्हणून गावात दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही घोटाळा होतो. गाठ काही दिवस लहान होते, बरे वाटते, आणि पुढे घेतलेल्या नमुन्यात निदान पुसट येते.

नमुना घेण्याचीच भीती वाटणारे पुष्कळ आहेत. ‘चाकू लागला की आजार पसरतो’ हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे. बायॉप्सीने लिम्फोमा पसरत नाही. उलट, बारीक सुईने घेतलेल्या थेंबभर पेशींवरून त्याचा प्रकार बहुधा ठरवता येत नाही. शक्य तेथे पूर्ण ग्रंथी काढून तिच्यावर विशेष रंजक चाचण्या कराव्या लागतात. हा खर्च टाळण्यासारखा नाही, कारण पुढचे सारे औषध त्या एका कागदावर ठरते. तो कागद व मेणात जतन केलेला नमुना, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, या दोन वस्तू रुग्णाच्या मालकीच्या समजून जपाव्यात. मुंबई वा नागपूरला गेल्यावर प्रथम त्यांचीच विचारणा होते.

निदान झाले की दाराआड एक संभाषण होते. मुलगा किंवा पुतण्या मागे थांबतो आणि म्हणतो, ‘‘डॉक्टरसाहेब, बाबाले सांगू नोका.’’ यामागील माया आम्ही जाणतो. आमचा अनुभव मात्र असा की रुग्णाला कळलेलेच असते. न कळलेले असते ते एवढेच की हा आजार बरा होऊ शकतो. वऱ्हाडात कर्करोगाचे नाव उच्चारताच अनेक वृद्धांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात. मोझरीच्या गुरुकुंजात ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी याच रोगाने देह ठेवला. त्या काळच्या आणि आजच्या उपचारांत फार मोठे अंतर पडले आहे, हे आम्ही अशा वेळी आवर्जून सांगतो. हॉजकिन लिम्फोमासाठी आजही वापरली जाणारी चार औषधांची योजना इटलीतील मिलान येथे १९७० च्या दशकात सिद्ध झाली. नॉन-हॉजकिनच्या एका मोठ्या गटावर प्रभावी ठरलेले रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २००७ मध्ये त्याची तुलनेने स्वस्त भारतीय आवृत्ती बाजारात आली. पूर्ण उपचार घेतलेल्या हॉजकिनच्या रुग्णांपैकी बहुसंख्य बरे होतात. ‘चौथी स्टेज’ हे शब्द ऐकून घरात रडारड होते. पण लिम्फोमा रक्तासारखा शरीरभर फिरणाऱ्या पेशींचा आजार असल्याने चौथ्या टप्प्यातही बरे होण्याची आशा राहते. इतर अवयवांच्या कर्करोगाचा हिशेब येथे लावू नये.

मुंबईच्या व्ही केअर फाउंडेशनच्या संस्थापिका श्रीमती वंदना गुप्ता यांना स्वतःलाच हॉजकिन लिम्फोमा झाला होता. त्यातून बरे झाल्यावर १९९४ मध्ये त्यांनी रुग्णांना धीर देण्याचे हे कार्य उभारले. बरा झालेला माणूस समोर बसून बोलतो तेव्हा आमच्या तासाभराच्या व्याख्यानाचे काम दहा मिनिटांत होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आता उपचाराच्या दिवसांविषयी. केमोथेरपीचे डोस बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. त्यांतील लाल रंगाच्या औषधामुळे एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे. दुसऱ्या एका औषधाने बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होते. कापूस वेचणाऱ्या बाईला बोटांचा बधिरपणा फार जाणवतो, तो डॉक्टरांना सांगावा. स्टिरॉइडच्या पाच दिवसांत झोप उडते, चिडचिड होते, मधुमेह असल्यास साखर चढते. घरच्यांना हे ठाऊक नसेल तर ‘आजारानं माणूस बदलला’ असा समज होतो. हॉजकिनच्या औषधांपैकी एकाचा परिणाम फुप्फुसांवर होऊ शकतो, तेव्हा कोरडा खोकला वा धाप लागल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अविवाहित तरुण व नवविवाहित जोडप्यांनी अपत्यप्राप्तीचा प्रश्न पहिल्या डोसापूर्वीच विचारावा. वीर्य गोठवून ठेवण्याची सोय नंतर उपयोगाची नसते. हा विषय वडीलधाऱ्यांसमोर निघत नाही, म्हणून आम्ही रुग्णाशी तो एकांतात काढतो.

मात्र सर्वांत महत्त्वाचा धडा तापाचा. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वाधिक घटतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस ताप ही तातडीची अवस्था आहे. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. गोळीने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग वाढत राहतो. रात्री दोन वाजता ताप आला तर रात्री दोन वाजताच निघावे आणि पोहोचताक्षणी ‘केमोथेरपी चालू आहे’ हे पहिले वाक्य बोलावे. आमच्या वैशाखात एक निराळी गंमत होते. अकोल्यात पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेला थर्मामीटर आधीच चढलेला असतो, उन्हातून आलेल्या माणसाचे अंगही तापलेले असते. म्हणून सावलीत अर्धा तास बसवून, थर्मामीटर उतरवून मगच ताप मोजावा आणि वेळेसह वहीत लिहावा. ज्या घरात घड्याळ आहे पण थर्मामीटर नाही, तेथे तो देणे हे आमच्या मते अल्प मोलाचे आणि थोर फळाचे दान आहे.

आहाराबद्दल लोकांना मोठा उपदेश अपेक्षित असतो. आमचा उपदेश थोडका आहे. ताजी भाकरी, वरण, पिठले, शिजवलेली भाजी, उकळून गार केलेले पाणी. रसवंतीचा रस व उघड्यावरचे कापलेले फळ वर्ज्य. वरुड-मोर्शीची संत्री धुऊन, घरी सोलून खुशाल खावीत. काढे व झाडपाल्याची औषधे यकृतावर ताण आणू शकतात. ती घेत असल्यास लपवू नये, एवढी विनंती.

शेतकरी रुग्ण विचारतात, ‘‘फवारणीमुळे झाले काय?’’ प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाचा नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी संबंध पुरेशा पुराव्यानिशी मान्य केला, तर ग्लायफोसेट व मॅलॅथिऑन यांना ‘संभाव्य’ गटात ठेवले. तरीही एका विशिष्ट माणसाला आजार त्याच्या पंपामुळेच झाला, असे कोणी सांगू शकत नाही. हातमोजे, तोंडावर फडके आणि वाऱ्याच्या दिशेचे भान मुलाबाळांसाठी आवश्यकच आहे; स्वतःस दोष देत बसणे रुग्णाच्या उपयोगाचे नाही.

दोन-तीन डोसांत गाठी विरघळतात. भूक लागते, चेहरा भरतो. नेमक्या याच वेळी मृग निघतो आणि रुग्ण पेरणीसाठी थांबतो, तो पुढच्या तारखेला येतच नाही. गाठ दिसेनाशी होणे म्हणजे आजार जाणे नव्हे, हे समजावणे आमच्या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. अर्ध्यावर सोडलेला लिम्फोमा परततो तेव्हा पूर्वीची औषधे पूर्वीसारखी चालत नाहीत, आणि दुसऱ्या फेरीचा खर्च पहिलीच्या कितीतरी पट होतो. म्हणून आम्ही पहिल्या दिवशीच साऱ्या तारखा कॅलेंडरवर खूण करून देतो आणि त्या तारखांना शेत कोण पाहील, हे भावांना त्याच बैठकीत विचारतो. याउलट, मंदगती प्रकारांत डॉक्टर ‘सध्या औषध नको, तपासत राहू’ म्हणतात, तेव्हा घरच्यांना वाटते की आशा सोडली. तसे नसते. तेथे घाई केल्याने आयुष्य वाढत नाही, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे.

अंतर हा आपल्या भागाचा जुना शत्रू. अकोल्यात संत तुकाराम रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात; नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे; मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. मुंबईस जाणाऱ्यांना आम्ही दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता देतो. शेंडगावी जन्मलेल्या व वलगावजवळ देह ठेवलेल्या बाबांच्या नावाने वऱ्हाडच्या माणसाला परक्या शहरात पाठ टेकायला जागा मिळते, याचे आम्हाला दरवेळी समाधान वाटते. रुग्णालयाने भरून दिलेल्या विहित नमुन्यावर रेल्वेत शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते व सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सवलत मिळते. २०२० मध्ये अनेक सवलती थांबल्या, रुग्णांची ही सवलत मात्र चालू राहिली.

शासनाची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत अमरावती होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपये झाली व सर्व शिधापत्रिकाधारकांना ती खुली झाली. शिधापत्रिकेवरील नाव व ओळखपत्रावरील नाव जुळत नसल्याने मंजुरी अडते. हे दुरुस्त करण्याचे काम गाठीची शंका येताच सुरू करावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हेही फार थोड्यांना माहीत असते.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीविषयी आमचा अनुभव असा की ती बहुधा घरची सून, पत्नी वा आई असते, आणि तिला कोणी काही विचारत नाही. तारखा, गोळ्या, पथ्य तिच्या डोक्यात असतात. निर्णयाच्या बैठकीत खुर्ची मात्र दुसऱ्याची असते. आम्ही तिलाच समोर बसवून वही देतो. लिम्फोमा संसर्गजन्य नाही, ताट-पेला वेगळा ठेवण्याचे कारण नाही, लहान मुलांनी आजोबांजवळ बसण्यास हरकत नाही. फक्त सर्दी-ताप असलेल्यांनी दूर राहावे, हे शेजारणींनाही तिने सांगावे. महिन्यातून दोन दिवस तिची जागा दुसऱ्या कोणी घ्यावी, असे आम्ही घरातील पुरुषांना स्पष्ट शब्दांत सांगतो. तिने जेवण टाळले व तिला झोप नसली, तर त्याची नोंद आम्ही रुग्णाच्याच कागदावर करतो.

उपचार संपल्यानंतर पहिली दोन वर्षे तपासणीच्या तारखा जवळजवळ असतात, पुढे त्या विरळ होतात. या तारखांना येणाऱ्याला काहीच होत नसते, आणि प्रवासखर्च मात्र तितकाच असतो. देणगीदारांनी औषधासाठी दिलेल्या रकमेतील काही भाग या प्रवासासाठी व थर्मामीटर, वही, पाण्याचे भांडे अशा किरकोळ वस्तूंसाठी वापरण्याची अनुमती द्यावी, अशी आमची विश्वस्त मंडळास व दात्यांस विनंती आहे.