जुनी मोटार घेताना

आपण जमीन घेतो तेव्हा काय करतो? आधी सातबारा पाहतो. नाव कोणाचे आहे, बोजा कोणाचा आहे, फेरफार झाला की नाही, हे तलाठ्याकडे जाऊन विचारतो. बैल घ्यायचा तर त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. मग जुनी मोटार घेताना नुसता रंग पाहून पैसे का मोजतो?

आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट सांगतो. आमची वाडी रत्नागिरीपासून वीस-बावीस किलोमीटरवर, समुद्राच्या अंगाला आहे. काकांची आई, म्हणजे आमच्या आजी, फार थकल्या आहेत. त्यांना दमा आहे. एका पावसाळ्यात रात्री दमा उसळला. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन गेली होती. रिक्षा यायला दीड तास लागला. त्या रात्री आजी वाचल्या, पण काकांनी मनात धरले की दारात गाडी हवी. पुढच्या उन्हाळ्यात हापूसचे पैसे आले. खतपाणी, मजुरी, देणी फिटून सव्वा लाख रुपये हाती राहिले. तेवढीच पुंजी.

महामार्गावर एका दलालाकडे एक गाडी होती. किंमत ६५ हजार. रंग नवा, आत अत्तराचा घमघमाट. दलाल म्हणाला, "काका, गाडी एकदम झ्याक हाय. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. आत्ताच बयाणा टाका."

काका खिशात हात घालणार, इतक्यात आमच्याबरोबर आलेला गॅरेजातला मेस्त्री म्हणाला, "थांबा जरा."

या मेस्त्रीला काकांनी पाचशे रुपये दिले होते. काकू घरी कुरकुरल्या होत्या, "नुसतं बघायचे पाचशे?" पण ते पाचशे किती कामाला आले पाहा.

मेस्त्रीने आधी बॉनेटला हात लावला. तो गरम होता. म्हणजे आम्ही येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली होती. गार इंजिन चालू होताना जे दुखणे दिसते, ते गरम इंजिनात लपते. इंजिन गार होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मग गाडी चालू केली. मागून निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते आहे. धूर काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. ऑईलचे झाकण उघडून आतून पाहावे. तिथे दह्यासारखा पांढरा थर असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळले असण्याची शंका घ्यावी.

मग त्याने खिशातून लोहचुंबक काढले. दारावर ते चिकटले, पण दाराखालच्या पत्र्यावर चिकटेना. तिथे पत्रा उरलाच नव्हता, लांबी भरून वर रंग दिला होता. आपल्या किनाऱ्यावर हा मोठा रोग आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीला खालून खातो. वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि पायाखालचे रबर उचलले तर खालचा रस्ता दिसतो! म्हणून रबर उचलून पाहावेच.

शेवटी मेस्त्रीने सीटचा पट्टा ओढला. थोडा नव्हे, शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या आतल्या टोकाला सुकलेल्या चिखलाची रेघ होती. सीटखालचे नटबोल्ट तांबडे झाले होते. अत्तर कशासाठी होते ते तेव्हा समजले.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, हे आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? त्यात किती मोटारी पाण्याखाली गेल्या. पूर आला की अशा गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकायला येतात. या गाडीच्या पट्ट्यावरची माती कुठल्या पाण्याची होती, ते आम्हांला ठाऊक नाही. पण बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही. आतल्या तारा हळूहळू गंजतात. सहा महिन्यांनी, भर पावसात, रात्री ती थांबते. काकांना गाडी हवी होती ती नेमकी अशाच रात्रीसाठी.

टायर, क्लच आणि खालचा पत्रा यांना ३५ हजार लागतील, असे मेस्त्रीने सांगितले. म्हणजे गाडी ६५ हजारांची नव्हती, एक लाखाची होती. टायर कसे ओळखावे? टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होतेच.

आता कागद. गाडीचे आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. त्यावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर तो आरसीवर लिहिलेला असतो. तो उतरवायला बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. दंडाची ई-चलने थकली आहेत का तेही पाहावे. दलालाकडच्या आरसीवर तिसऱ्याच माणसाचे नाव होते. आम्ही विचारले तर तो म्हणाला, "२९, ३० वर सह्या घेतलेल्या हायत." ज्या माणसाला आपण पाहिले नाही, त्याच्या सहीवर जमीन घ्याल का?

हे दोन फॉर्म मालकी बदलण्याचे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून मागायचा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

नोंदणीची तारीखही पाहा. घरच्या मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून नोंदणी वाढवण्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. जायच्या आधी कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा. दलालाची ती गाडी चौदा वर्षांची होती.

आम्ही एस.टी.ने परत आलो. काका वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पावसाळा जवळ आला होता आणि गाडी नव्हती. म्हणून त्यांनी एक काम केले. वाडीतल्या रिक्षावाल्याला दर महिन्याला थोडे पैसे ठरवून दिले आणि रात्री फोन उचलायचे कबूल करून घेतले. तो पावसाळा तसाच निभावला.

दिवाळीनंतर रत्नागिरीतल्या एका निवृत्त मास्तरांची बारा वर्षांची गाडी मिळाली. किंमत १ लाख ५ हजार. आरसीवर मास्तरांचेच नाव होते, ते स्वतः कार्यालयात आले. मेस्त्रीने बॅटरी आणि दोन टायर बदलायला सांगितले, त्यात १२ हजार गेले. रंग बराच उडालेला आहे. आजी पुढच्या सीटवर बसतात. पट्टा लावायला अजून कुरकुरतात.