गळ्यातील चिठ्ठी

गोंदिया जिल्ह्यातील देवरी गावावरून पूर्वेकडे जाणारा हमरस्ता छत्तीसगडात शिरतो. त्या राज्याच्या बालोद जिल्ह्यात खपरी नावाचे खेडे आहे. तेथील जुन्या देवळाला ‘कुकुरदेव’ म्हणतात. कुकुर म्हणजे कुत्रा. या देवळात कुत्र्याची मूर्ती आहे. तिच्याविषयी लोक एक कथा सांगतात.

आगगाड्या सुरू होण्यापूर्वी बंजारे लोक बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलुखोमुलूख हिंडत. अशाच एका बंजाऱ्यापाशी एक इमानी कुत्रा होता. एके वर्षी दुष्काळ पडला. बंजाऱ्याला सावकाराचे कर्ज काढावे लागले. तारण ठेवण्यास दुसरे काहीच नव्हते. म्हणून जड अंतःकरणाने त्याने कुत्राच गहाण ठेवला.

पुढे एका रात्री सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे दडवला, हे कुत्र्याने पाहून ठेवले. सकाळी सावकाराचे धोतर ओढीत त्याने त्याला त्या जागी नेले. सगळा माल मिळाला! सावकाराचे मन भरून आले. ‘कुत्र्याने तुझे कर्ज फेडले आहे,’ अशी चिठ्ठी लिहून ती त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली व त्याला मोकळे केले.

कुत्रा आनंदाने धन्याकडे धावत सुटला. त्याला दुरून येताना पाहून बंजारा संतापला. “पळून आलास! माझा शब्द खोटा पाडलास!” असे म्हणून त्याने काठी हाणली. कुत्रा गतप्राण झाला. मग बंजाऱ्याला ती चिठ्ठी दिसली. पश्चात्तापाने त्याने तेथेच त्याचे स्मारक उभारले.

दूर युरोपात वेल्स देशातील बेडगेलर्ट गावीही अशीच कथा सांगतात. राजपुत्र लिवेलिन शिकारीहून परतला, तेव्हा बाळाचा पाळणा उलटलेला होता आणि गेलर्ट कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले होते. त्याने तत्काळ तलवार चालविली. नंतर पाहतो तो बाळ सुखरूप, आणि जवळच लांडगा मरून पडलेला! आपल्या पंचतंत्रातील मुंगसाचीही गत तीच झाली.

या लोककथा आहेत, इतिहास नव्हे. परंतु इतक्या दूरदूरच्या लोकांनी त्या जपून ठेवल्या, कारण असा पश्चात्ताप कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. चिठ्ठी गळ्यातच होती. ती वाचण्यास क्षणभरच लागला असता.

स्वाध्याय
१. बंजाऱ्याला राग का आला? तो राग चुकीचा कसा ठरला?
२. तिन्ही कथांतील साम्य सांगा.