जिताडा : दोन पाण्यांचा रहिवासी

रायगड जिल्ह्यातील पेण-अलिबागचा खारेपाट जसा भातशेतीसाठी, तसाच जिताड्यासाठीही प्रसिद्ध आहे. ‘लेटस कॅल्केरिफर’ हे या माशाचे शास्त्रीय नाव. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर त्याचा अधिवास आहे. निमुळते डोके, मोठे मुख, रुपेरी अंग व गोलाकार शेपटी ही त्याची लक्षणे होत.

जिताड्याचा जीवनक्रम दोन पाण्यांत विभागलेला आहे. त्याची वाढ नदीच्या गोड्या व खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात होते. प्रजननासाठी मात्र तो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे जातो. तेथे सोडलेली सूक्ष्म अंडी एका दिवसाच्या आत उबतात. भरतीबरोबर पिले खाडीत शिरतात आणि कांदळवनांच्या मुळांत व उथळ डबक्यांत आश्रय घेतात. कोळंबी व लहान मासे हे त्यांचे भक्ष्य. मोठी पिले लहान पिलांनाही गिळतात; म्हणून तळ्यात संगोपन करताना आकारानुसार त्यांची वेळोवेळी वर्गवारी करावी लागते.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे लिंगबदल. साधारणतः ३ ते ४ वर्षांचा जिताडा नर म्हणून प्रजननक्षम होतो व पुढे बहुतेक नरांचे मादीत रूपांतर होते. साहजिकच आकाराने सर्वांत मोठे मासे बहुधा माद्या असतात. एक मोठी मादी लक्षावधी अंडी देते. असे मासे प्रजननापूर्वीच सरसकट पकडले गेले, तर पुढील पिढीचा मूळ स्रोतच आटतो.

खाडीतून पिले आणून ती घराजवळच्या तळ्यात वाढविण्याची खारेपाटातील प्रथा जुनी आहे. तथापि केवळ निसर्गातील पिलांवर विसंबणे हितावह नव्हे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त प्रजननात यश मिळविले. त्यामुळे बीजनिर्मिती केंद्रांतील पिले वापरण्याचा मार्ग खुला झाला.

कांदळवनांच्या संरक्षणासाठी राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष स्थापन केला. परंतु गावची खाडी प्रथम गावालाच दिसते. कांदळवनात भराव पडू न देणे, ओढे-नाल्यांची मुखे मोकळी ठेवणे आणि बांध व उघाडी यांची कामे आखताना माशांच्या ये-जा मार्गाचा विचार करणे ग्रामपंचायतींना शक्य आहे. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना खाडीकाठी नेऊन हा जीवनक्रम समजावून द्यावा. नदी, खाडी व सागर यांतील वाट अखंड राहिली, तरच जिताड्याची परंपरा टिकेल.