नावात पनीर, ताटात काय?

प्रश्न : हॉटेलात मागवलेल्या ‘पनीर मसाल्या’तले पनीर रबरासारखे लागले. टोमॅटो ऑम्लेटमध्ये तरी अंडे कुठे असते, असे मालक म्हणाले. मी तक्रार करू शकते का?

उत्तर : जरूर करा. मालकांचे उदाहरण इथे लागू होत नाही. टोमॅटो ऑम्लेट बेसनाचे असते आणि बॉम्बे डक म्हणजे बोंबील, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. त्या रूढ नावांनी कुणाची फसवणूक होत नाही. ‘कोल्हापुरी’ म्हटल्यावरही आपण पद्धतीचीच अपेक्षा करतो, भाजी कोल्हापुरातून यावी अशी नाही. पनीरचे तसे नाही. अन्नसुरक्षा नियमांनुसार पनीर दुधाचेच हवे आणि साध्या पनीरच्या कोरड्या भागात निदान ५० टक्के दुधातला स्निग्धांश हवा. पामतेल वापरून केलेला पर्याय, म्हणजे ‘अ‍ॅनालॉग’, विकायला बंदी नाही. पण तो पनीर म्हणून वाढणे मला सरळ फसवणूक वाटते. पैसे दुधाचे घेतले जातात आणि मुलांच्या ताटात तेल पडते.

मात्र केवळ रबरासारखे लागले म्हणून ते बनावट ठरत नाही. जास्त शिजवलेले अस्सल पनीरही चिवट होते. घरी आयोडीन टाकून केलेल्या चाचणीत फक्त स्टार्च कळतो, तेल नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून आधी मालकांना पनीर कुठून आणता ते विचारा, खरेदीचे बिल किंवा पाकीट दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर आपले बिल जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.